इमामांनी हात पुढे केला

सादा शहर, शुक्रवार

आई,

तुझ्या हाताचा मुका घेऊन मुतह्हर लिहितो.

शरफदादा सुखरूप आहे, हे आधी सांगतो. इमामपदाच्या गादीचे दोन्ही दावेदार पैगंबरांच्या वंशातले, दोघांचं सैन्य समोरासमोर. पण आधी मशिदीत विद्वानांनी दोघांची परीक्षा घेतली. मध्येच, दादा ज्यांच्या बाजूने लढायला आला होता ते म्हातारे इमाम उठले, समोरच्या तरुणाचा हात हातात घेऊन म्हणाले, "हा माझ्याहून जाणता. आजपासून इमाम हाच." देवाचे केवढे उपकार!

दादा मात्र धुमसतोय. "लढायला म्हणून नेलं आणि वादविवाद ऐकवला!"

तुझा गुडघा कसा आहे?

दादा सोमवारी पोचेल. मेथीचा रस्सा करून ठेव. तो चिडचिड करेल, करू दे. चिडायला घरी येतोय, एवढं पुष्कळ.

तुझा,
मुतह्हर