पाडव्याच्या तबकातली बाटली

२७ सप्टेंबर, शनिवार

व्हेपची कॉइल जमली! सहा वेढे, शून्य पूर्णांक बेचाळीस ओहम — मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही. कापूस भरला, व्हेप ओढलं आणि गॅरेजभर ब्लूबेरीचा ढग. देवयानी सायकल घ्यायला आली. "बाबा, यू स्मेल लाइक अ मफिन." सोळा वर्षांच्या मुलीकडून मिळणारं हे वर्षातलं सगळं कौतुक.

सिगरेट सोडून या विजेच्या सिगरेटवर, व्हेपवर, येऊन पाच वर्षं झाली. व्हेपमधलं निकोटिन बारा मिलिग्रॅमवरून सहावर, सहावरून तीनवर आणलं. तीनवर अडीच वर्षं मुक्काम आहे. नीलांबरीने आज जेवताना निकाल दिला — यंदा पाडव्याला ओवाळणीत साडी नको, दागिना नको. तबकात निकोटिनची बाटली टाकायची आणि त्या दिवसापासून शून्य. व्हेपमध्ये भरायचा ज्यूस हवा तर बिननिकोटिनचा ओढ म्हणाली. तोंडात घास होता, मान हलवली. झाला होकार.

२८ सप्टेंबर

सासऱ्यांपुढे धूर काढणं बरं दिसत नाही, म्हणून अण्णांना मी हे काही सांगितलं नव्हतं. नागपूरहून येऊन त्यांना आठवडा झाला. गॅरेजमधला पसारा दिवाळीच्या वायरिंगचा, असं ठोकून दिलं होतं — मागच्या अंगणात, पॅटिओवर, दिवे आणि आकाशकंदिलासाठी एक सॉकेट. माणूस वीज मंडळात पस्तीस वर्षं काढलेला, हे मी विसरलो! आज आले आणि माझी कॉइलची तार चिमटीत धरून उजेडात नेली.

"परीक्षितराव, ही शेगडीची तार आहे. हिच्यावर दिवा लागत नाही."

सगळं कबूल केलं. पाडव्याचंसुद्धा. वाटलं, आता व्याख्यान. तर खुर्ची ओढून बसले आणि माझे वेढे सारखे नाहीत म्हणाले. त्यांनी एक गुंडाळून दाखवली. चरफडलो. माझ्यापेक्षा सरस होती.

५ ऑक्टोबर, रविवार

ज्यूस बनवायचा दिवस. ग्लिसरीन, वासाचा अर्क, निकोटिन — थेंबाथेंबाचं काम. वय बहात्तर, पण अण्णांचा हात हलत नाही. सिरिंज त्यांच्याकडे दिली. मी आकडे सांगतो, ते भरतात. निकोटिन थोडं कमी पडलं तर तुम्हाला कळतं का, असं विचारत होते. मला हसू आलं. चिपच्या कारखान्यात मी पोटासाठी मोजमाप करतो, तेही नॅनोमीटरमध्ये. तीन आणि अडीच यांतला फरक जिभेवर सांगीन म्हटलं.

आजची बॅच उत्कृष्ट! घशाला नेमकी लागते.

८ ऑक्टोबर

डोकं दुखतंय. ऊन.

९ ऑक्टोबर

अजून दुखतंय. कॉइल बदलली. नीलांबरीवर ओरडलो — डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावावीत यावरून. तिने ताटं काढून परत लावली. अण्णा मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

चर खणला. आमच्या चँडलर गावची वाळवंटी जमीन खणायची म्हणजे फरशी फोडायची. पाइप टाकला, वायर ओढली. भिंतीवरच्या जुन्या सॉकेटला जोडायचं एवढंच राहिलं होतं. ब्रेकरवर आधीच्या मालकाने 'पॅटिओ' असं झोकात लिहून ठेवलंय. तो पाडला, सॉकेट उघडलं, वायरला हात घालणार तेवढ्यात अण्णांनी मनगट धरलं. खिशातून टेस्टर काढून लावला. लाल दिवा! वायर जिवंत होती. आत नीलांबरीचा डिशवॉशर तेवढा बंद पडला होता.

"लिहिलंय त्यावर जाऊ नका," अण्णा म्हणाले. "लाइन मेली का, हे टेस्टर सांगतो."

पंधरा मिनिटं पायरीवर बसून होतो. मग मुख्य स्विच पाडला, पुन्हा तपासलं आणि काम पुरं केलं.

१५ ऑक्टोबर

डोकेदुखी थांबली. झोपही लागते. आज परत ज्यूस भरला — म्हणजे अण्णांनी भरला. निकोटिनची बाटली अर्धीवर आहे ती अर्धीवरच. चांगला माल आहे, पुरतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

आकाशकंदील लागला! पॅटिओवर उजेड, अण्णा खूश, नीलांबरी शेजारणीला फोनवर माझं कौतुक सांगत होती.

आणि मी काय केलं ते इथेच लिहिता येईल. निकोटिनची नवी सीलबंद बाटली मागवली आणि गॅरेजमधल्या फ्रिझरमध्ये बर्फाच्या पिशव्यांखाली लपवली. तबकात जुनी जाईल. शून्यावर माझा एक दिवस निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. नीलांबरीला कळलं तर ती भांडणार नाही. भांडली तर बरं. ती फक्त माझ्यावर विश्वास ठेवायचं सोडून देईल. त्याची फार भीती वाटते. तरी ठेवली.

२२ ऑक्टोबर, पाडवा

नीलांबरीने ओवाळलं. बाटली तबकात ठेवली. तिने उचलून उजेडात धरली.

"अर्धी भरलेली दिलीस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, संपवून रिकामी देशील."

डोळे भरून आले तिचे. अण्णा चकली मोडत होते, त्यांनी मान वर केली नाही. खिशात अण्णांनीच भरलेली शेवटची बॅच होती — नीलांबरीला वाटतं, ती शून्याची आहे. ती संपली की फ्रिझर. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अण्णांना विमानतळावर सोडलं. घरी आलो तो थेट फ्रिझरपाशी. बाटली जागेवर, सील शाबूत. वर इन्सुलेशन टेपची पट्टी आणि तिच्यावर अण्णांचं बारीक अक्षर —

"५ तारखेपासून तुमच्या ज्यूसमध्ये निकोटिन नाही. नुसतं ग्लिसरीन भरलं. लाइन मेली आहे. टेस्टर लावून पाहिलंय."

एकोणीस दिवस! मोजमाप करणारा माणूस मी!

तबक अजून देवापुढेच होतं. ही बाटलीही त्यात नेऊन ठेवली. नीलांबरी पाचला येते.