माश्यांच्या गाडीचे शॉकअप

९ जानेवारी

चि. भाचेबाईंस,

मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझं पत्र दुधाच्या व्हॅनवाल्याने परवा आणून दिलं. तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत नाही हे एका परीने बरंच आहे, नाहीतर रोज ‘झालं का, झालं का’ करून तू माझं डोकं खाल्लं असतंस. अक्षर एवढं मोठं का, असं विचारशील. पेनाचा दोष आहे. टायरवर खुणा करायचं जाड पेन तेवढं हाताशी होतं.

तर गाडीबद्दल. तुझी पिकअप वर घेऊन खालून पाहिली. मागच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळत होतं. गाडीचा कोपरा दाबून सोडला की एकदा वर येऊन थांबायला हवी, तर ही आपली पाळण्यासारखी झुलत राहिली. अशा गाडीतून वाळू न्यावी, मधमाश्या नेऊ नयेत. चारही शॉकअप नवे घातले. मागे स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जास्तीचा पाटा चढवला. एकच. तू म्हणत होतीस तसे तीन चढवले असते तर रिकामी गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली असती.

टायरचं ऐकून तू चिडणार आहेस, तेव्हा खाली बसून वाच. तू मासिकातलं कात्रण पाठवलं होतंस ते रुंद, फुगीर, दातेरी टायर मी घातलेले नाहीत. मोठं चाक लावलं की चढावर इंजिनाचा जीव जातो, आणि वेगाच्या काट्यावर दिसते त्याहून गाडी जोरात पळत असते. मी मूळ मापाचेच, पण जास्त वजन झेलणारे, जाड बाजूंचे टायर बसवलेत. दिसायला अगदी शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखे आहेत. पण घाटात भिस्त त्यांच्यावरच ठेवायची आहे.

ट्रेलर ओढायच्या जोडाचं काम मात्र अडलंय. गाडीच्या चासीला खालून एक जाड लोखंडी पट्टी बोल्टांनी पक्की करायची असते, ट्रेलरची सगळी ओढ तिच्यावर येते. दुकानदाराने पाठवलेली पट्टी वाकडी निघाली. मधोमध चांगला बाक होता. तशीच परत धाडली. हल्ली कुणाच्या कामाला सफाई म्हणून राहिलेली नाही.

आता तू विचारलंस ते. बाग फुलायच्या आत परागीकरणासाठी माश्यांच्या पेट्या तिथे पोचायला हव्यात, बागवाला उत्तरासाठी अडून बसलाय, मामा पहिली खेप चालवणार असेल तरच तू हो म्हणणार, आणि नाही म्हटलंस तर तो दुसऱ्या कुणाला बोलावणार. सगळं नीट वाचलं. एवढा भरलेला ट्रेलर तू कधी ओढलेला नाहीस, आणि पहिल्यांदा ओढायला तो घाट ही काही जागा नव्हे, हे मलाही कळतं. बघू. आधी पट्टी तर येऊ दे.

तुझी आई ठीक आहे. निरोप काही दिलेला नाही. मात्र तुझं पत्र आलं तेव्हा ती गॅरेजच्या दारात येऊन एकच फडकं पुन्हा पुन्हा झटकत उभी होती. शेवटी म्हणाली, “काय म्हणतेय?”

“शॉकअपचं लिहिलंय.”

“एवढं सगळं शॉकअपचंच?”

आणि गेली. निवृत्त झाली तरी शाळेची बस चालवताना आरशातून मागच्या पोरांवर ठेवायची ती नजर काही गेलेली नाही. दवाखान्याच्या लॅबमधली कायमची नोकरी सोडून तू माश्या पाळायला गेलीस, ते अजून तिच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हापासून तुम्ही मायलेकी माझ्यामार्फत बोलता. मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?

प्रकृतीला जप. मध पाठवू नकोस, मागचा संपलेला नाही.

तुझा मामा


२५ जानेवारी

भाचेबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. टायरवरून तू जे काही लिहिलंस ते मी मोठ्या मनाने पोटात घातलं आहे.

दुसरी पट्टी आली, तीही वाकडी. मग मात्र मी ती खांद्यावर टाकून भांडायलाच दुकानात गेलो. दुकानदाराने ती काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली. म्हणाला, “घाला मधे कागद, जातोय का बघा.” कागद गेला नाही. मी म्हटलं, तुमची काचच वाकडी असेल. तो हसला. मला काही हसू आलं नाही. असो. पट्टी बसवली, बोल्ट कसले, ट्रेलरच्या दिव्यांची वायर ओढली, ब्रेकची जोडणी केली. ट्रेलरच्या चाकांमध्येही नवं ग्रीस भरलं, कारण तू ते कधी भरलेलं नाहीस हे मला बघताक्षणी कळलं.

मग चाचणी. पेट्यांच्या जागी वाळूची पोती रचली. तुला म्हणून सांगतो, लक्षात ठेव, जड पेट्या नेहमी ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवायच्या. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलवायला लागला की गाडीलाही हलवतो. तुझी आई म्हणाली, मला बँकेत सोड. बँकेला सुट्टी होती. ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही, पण बसली शेजारी.

शीतगृहाच्या फाटकापुढे तो उंच गतिरोधक आहे बघ. मी अगदी हळू घेतला. गाडी उतरली आणि मागे खाडकन आवाज झाला. ट्रेलर जोडावरून उडून खाली आला होता. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांनी धरून ठेवला म्हणून बरं, नाहीतर उताराने सरळ फाटकात गेला असता. कुणाला काही लागलं नाही. एक पोतं फुटलं, एवढंच.

झालं होतं असं. जोड म्हणजे काय, तर गाडीकडे एक लोखंडी गोळा आणि ट्रेलरकडे त्याच्यावर बसणारी वाटी. गोळा वाटीच्या मापाचाच लागतो. माझ्या कपाटात दोन होते, त्यातला किंचित लहान बसवला गेला. वाटी त्याच्यावरही बंद होते, कुलूपही लागतं, वरून सगळं ठाकठीक दिसतं. एक हिसका बसला की सुटतं. माप गोळ्याच्या डोक्यावरच कोरलेलं असतं. तुझ्या आईने खाली उतरून फडक्याने गोळा पुसला आणि तो आकडा वाचला. मोठ्याने वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पट्टी वाकडी, काच वाकडी. आणि हा आकडा?”

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

घरी येताना गाडी ती चालवत होती. माझा पाय मुरगळला होता म्हणून. गोळा आता योग्य तो बसवलाय, तिच्याकडून आकडा वाचून घेऊन. गाडी तयार आहे म्हणायला हरकत नाही. माझ्या येण्याचं लवकरच कळवतो. बागवाल्याला थोडं थोपवून धर.

मामा


६ फेब्रुवारी

चि. भाचेबाईंस आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. बोलतोय मी, लिहितेय तुझी आई. अट अशी ठरली आहे की मी सांगेन ते शब्दन्शब्द लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. (बघू.)

मी बरा आहे. पाय मुरगळला होता तो आता ठीक आहे. (पाय मुरगळलाच नव्हता.) हे बघ, ही अशी लिहिणार असेल तर मी सांगत नाही. बरं. नव्हता मुरगळला.

तुझी आई मला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथल्या बाई मोठ्या मायाळू. त्यांनी चौकटी-चौकटींचा एक कागद पुढे धरला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात? मी म्हटलं, छापतानाच बिघडलाय हा कागद, मधोमध सगळ्या रेघा वाकल्यात. त्या म्हणाल्या, काका, कागद सरळ आहे. तेव्हा मला त्या पट्टीवाल्याची आठवण झाली आणि अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं सगळं दिसतं. भिंत दिसते, दार दिसतं, तुझी आई कमरेवर हात ठेवून उभी आहे ते दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होतं. आकड्याकडे बघितलं की आकडा नाही, माणसाकडे बघितलं की त्याचा चेहरा नाही. एका डोळ्यात इंजेक्शनं देऊन उरलंसुरलं टिकवता येईल म्हणतात. गेलं ते परत येणार नाही. आणि गाडी चालवायची नाही, या मोसमात नाही आणि पुढच्याही नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हो हो म्हटलं, जशी काही दुसऱ्याच्या गाडीची गोष्ट चालली होती. नंतर पार्किंगमध्ये येऊन आपल्या सवयीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच रडू कोसळलं. (मीही रडले. त्याला ते दिसलं नाही.)

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण माझ्या ‘नाही’ने तुझी बाग जाणार होती, म्हणून ते ‘नाही’ माझ्या तोंडून निघेना. वाटलं पट्टी बसेपर्यंत काहीतरी मार्ग निघेल, चाचणी होईपर्यंत निघेल. उगीच तुला लटकवत ठेवलं. तर आता स्पष्ट सांगतो. मी येऊ शकत नाही. बागवाल्याला नाही कळव आणि खुशाल माझं नाव पुढे कर. गाडी मात्र उत्तम झालीय, हे मी हाताने चाचपून सांगतो. पुढच्या वर्षी दुसरी बाग बघू.

मी थकलो. कागद इकडे आण, सही करतो.

तुझा मामा

(सही कुठल्या कुठे गेली आहे. ती त्याचीच आहे.)

तो आतल्या खोलीत पडलाय. इथून पुढचं माझं आहे, त्याला विचारून लिहिलेलं नाही.

बागवाल्याला नाही कळवू नकोस.

त्या गतिरोधकाच्या दुसऱ्या दिवसापासून मी ट्रेलर चालवायला शिकते आहे. शीतगृहाच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघं रोज सकाळी जातो. पुढे न्यायला काही लागत नाही, बसहून लांब गाडी समजायची. मागे घेताना माझी फजिती झाली. आपण डावीकडे वळवावं तर ट्रेलर उजवीकडे पळतो. पहिल्या दिवशी दोनदा तो गाडीला काटकोनात आडवा केला आणि तुझ्या मामाने मला जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग म्हणाला, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर, आणि ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे तो हात ने. तेवढ्याने जमलं. त्याला आरशातलं दिसत नाही, पण तो शेजारी बसून ऐकतो. ट्रेलर दुमडायला लागला की माझ्या आधी त्याला कळतं. मोठ्या गाडीचं लायसन्स माझ्याकडे आहेच, ट्रेलरचीही परीक्षा मागच्या आठवड्यात दिली. पास झाले. त्याला वाटलं मी छंद म्हणून शिकते आहे, तो भोळाच आहे.

म्हणजे पहिली खेप मी चालवणार. मामाला मधे बसवू, त्याला घाट ऐकू दे.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही ती सांगते. मला माश्यांची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. बसमध्ये एकदा एक शिरली होती, तर पोरांना खाली उतरवून मी स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले होते, आणि पहिलीतल्या एका मुलीने ती वहीने बाहेर काढली. तू नोकरी सोडलीस तेव्हा मी पगाराचं बोलले, शिक्षणाचं बोलले, लोक काय म्हणतील ते बोलले. नको नको ते बोलले. खरं एवढंच होतं की तू उघड्या हाताने त्या पेटीचं झाकण काढतेस, हे डोळ्यांसमोर आलं की माझे हातपाय गार पडायचे. दोन वर्षं तुझ्याकडे आले नाही ती रागाने कमी आणि भीतीने जास्त. पण राग आलाय म्हणून सांगणं सोपं होतं. या वयात आईने मुलीला भीती वाटते म्हणून सांगायचं, ते मला जमलं नाही.

भीती अजून आहे. शिकून ती जात नाही असं दिसतंय. काल मामाने ट्रेलरवर गंमत म्हणून तुझी एक रिकामी पेटी ठेवली, तर मी गाडीच सुरू करेना.

तेव्हा नीट ऐक. पेट्या तू भरायच्या, दारं तू बंद करायची, पट्टे तू आवळायचे, आणि पोचल्यावर तूच उतरवायच्या. तोवर मी काचा वर करून स्टिअरिंगवर बसलेली असेन. तिथून मी हलणार नाही, पण गाडी तुझ्या बागेत नीट पोचवेन. वाटेत एखादी माशी आत आली तर मी गाडी कडेला घेऊन ओरडेन. तेव्हा हसलीस तरी चालेल, पण माझ्या जवळ राहा.

बागवाल्याला आजच हो कळव. आम्ही निघतोय.

घाबरत घाबरत येणारी,
तुझी आई