चालत्या इंजिनाचं नोझल

धसई,
१२ जानेवारी २०२५

चि. स्वरूपला आजीचा आशीर्वाद.

शाळेत जाताना तू रोज दप्तर विसरायचास, मी बांधावरून पळत आणून द्यायचे. आता घरच विसरलास. ते काय चंदिगडला डोक्यावरून आणून देऊ? मी सुंदरा, तुझ्या बापाची आई. आठवलं का? फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या बहिणीला, कुणालीला, लिहायला बसवलंय. माझं बोलणं सुधारू नको गो, असं तिला बजावलंय.

आमी बरे आहोत. भात चांगलं झालं. वाल फुलावर आलेत. गिरणी बंद आहे.

तू दुरुस्त करतोस ते अवजड सामान उचलणारं हेलिकॉप्टर कसं आहे? तू सांगितलेलं मी गावभर सांगते. बर्फात रस्ते नाहीत म्हणून रशियावाल्यांनी केलं, आधीच्याला दोन बाजूंना दोन पंखे होते, ते पुढे चाललं नाय, मग एकच पंखा, आठ पात्यांचा. शेजारची जनाबाई म्हणाली, "आठ? आमच्या पंख्याला तीन, तरी वारा पुरतो." मी म्हटलं, "तुझ्या पंख्यानं कधी बुलडोझर उचलला का गो?"

सुटे भाग मिळेनात, एकाचे काढून दुसऱ्याला लावतो, असं तू म्हणालास तेव्हा तुझा आजा हसला होता. त्याचीही गिरणीत दोन डिझेल इंजिनं, एक चालतं, एक पडीक. पडीक खोलायचं, चालतं ठेवायचं. तूही तिथंच शिकलास. आणि त्याच्यावरूनच दोघे भांडलात. तो म्हणाला, "मोडीत निघालेल्यापाशी कशाला बसतोस? ये गिरणीवर." तू म्हणालास, "आधी तुमची गिरणी मोडीत घाला." तिकडून आणलेला गजकचा, त्या तिळाच्या वडीचा, डबा फळीवर ठेवून त्याच संध्याकाळी निघालास. दोन वर्षं झाली. त्यानं डब्याला हात लावला नाय. मुंग्यांनी खाल्लं.

गिरणीचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर कुणालीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, की तसली हेलिकॉप्टरं सुट्या भागांवाचून उभी आहेत. दुसऱ्या दिवशी आजा काठी टेकत गिरणीत गेला. इंजिनाचं नोझल, डिझेल फवारणारी तोटी, काढलं, रॉकेलनं धुतलं, माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं. "स्वरूपला पाठव. त्याचं उभं राहिलंय."

मी म्हटलं, "अहो, चालत्याचं कशाला काढलं?"

"पडीकाचं झिजलेलं असतं. पोराला चांगलं द्यावं."

हसू नकोस. मी हसले, मग चुलीपुढे जाऊन बसले.

पुडकं त्याच्या उशाशी आहे. तोही तिथंच असतो, उठत नाय आता. मुरबाडच्या डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या. घरी बरं वाटतं, म्हणून असेल.

तुझ्या आजीचा, सुंदराचा, अंगठा.

ता. क. दोन चमचे पेज घेतो. काल मात्र स्वतःहून म्हणाला, "पोरानं आणलेली ती तिळाची वडी कशी लागत असेल गं?" तर गजक पाठव. दात नायत, मी दुधात कुस्करून घालीन. पण पोस्टानं पाठवू नकोस. पोस्टाला आठ दिवस लागतात. तुझ्या हातानं आण.