डॉक्टरीणबाईंना निळी वही देऊ नकोस

राणी,

मी शेजारच्या रावांसोबत फिजिओकडे गेलोय. चार वाजता तू माझी वही डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेशील, तेव्हा निळी नेऊ नकोस. ती तुझी आई रोज वाचते, म्हणून तिच्यात मी ‘पाय शांत, झोप गाढ’ असंच लिहीत आलो. मंगळवारच्या पानावर तर गौलीगुड्याच्या रस्त्यात उधळलेला बैल मी शिंगं धरून वळवलाय. बाईंनी ते खरं मानलं तर गोळ्या कमी करतील, आणि मग माझी पंचाईत.

खरी वही तांदळाच्या डब्यामागे आहे. कंपवातानं अक्षर मुंगीएवढं झालंय, नीट बघ. रात्री पायांना चैन पडत नाही, म्हणून मी हॉलमध्ये फेऱ्या मारतो. आईला वाटतं, पाणी प्यायला उठतो. तिला सांगू नक्को. दुपारची गोळी जेवणासोबत घेतली की लागू पडत नाही, तासभर आधी घेतली की हात ऐकतो. आठवडाभर ताडून पाहिलंय.

बाईंना एवढं मात्र विचारच. स्वयंपाकघराच्या दारात काही आडवं नसताना माझे पाय जमिनीला चिकटतात. तू तिथं फरशीवर ज्या लाल पट्ट्या चिकटवल्या आहेस, त्या ओलांडताना तेच पाय सुटतात. असं कसं? त्यांना ही माझी थाप वाटेल. सांग, आजोबांनी बैल रचलाय, पट्ट्या खऱ्या आहेत.

आजोबा