शेवटची नळी

४ मे

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझी वहिनी गेल्यापासून तू कितीदा लिहिलंस, मी उत्तर दिलं नाही. आजही कामासाठीच लिहितो आहे. तिची लाडकी घोडी यंदाही रिकामी राहणार असं दिसतं. बीजाची पिशवी छान वाढते. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई हार्मोनचं इंजेक्शन देतात, की ती फुटून बीज बाहेर यावं. दोन्ही खेपांना ती फुटलीच नाही, आतल्या आत रक्ताने भरली. गोठवलेल्या वीर्याची एकच नळी उरली आहे, आणि ते ज्याचं, तो घोडा आता नाही. घोडीचंही वय झालं, ही शेवटचीच संधी. तुझ्या वहिनीला हिचं शिंगरू बघायचं होतं.

बाकी घोडी मजेत. तुझी वहिनी खुराकात पायदुखीची पूड घालायची, ती मी एक दिवसही चुकवलेली नाही. तू उंदरांवर बीज सुटण्याचंच काम करतेस, म्हणून विचारतो, काय चुकत असेल?

जिवाला जप.
तुझा दादा

८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून प्रयोगशाळेत अशी ओरडले की मॅडम धावत आल्या. दादा, काखेत कळसा नि गावाला वळसा! ती पूड बंद कर. आजच!

इंजेक्शन बीजाला ढकलत नाही रे, फक्त निरोप देतं. निरोप मिळाला की पिशवीतल्या पेशी एक प्रथिन तयार करतात, ते प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं, आणि त्यामुळे पिशवीची भिंत विरून फुटते. दुखऱ्या पायात सूज आणणारं रसायनही तेच! तुझी पूड त्या प्रथिनालाच गप्प बसवते. पाय कुठला नि बीजकोश कुठला, तिला काय कळणार?

डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली तेव्हा तू काही नाही म्हणाला असशील. तुझ्या लेखी ते औषध नाहीच, वहिनीने ठरवलेला खुराक. आता त्यांना सगळं सांग, मौनीबाबा! पायाला दुसरा काय उपाय तेही विचार. वहिनी असती तर तो पुडीचा डबा तिनेच आधी फेकला असता.

रागावलास तरी चालेल, पण कळव.
तुझी धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

फुटली! आता ओरडायची पाळी माझी.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. डबा फेकायला उचलताना माझा हात अडला, खोटं कशाला बोलू. घोडी लंगडायला लागली, तेव्हा पायावर गार पाणी सोडत बसायचो आणि वाटायचं, तुझी वहिनी मला चांगलीच झापते आहे. पण या खेपेला इंजेक्शननंतर डॉक्टरीणबाई तबेल्यात ठाण मांडून बसल्या, सारख्या तपासत राहिल्या. एकदा बघतात तर पिशवी गायब! लगेच नळी वितळवून वीर्य आत सोडलं.

आज सोनोग्राफीच्या पडद्यावर गोल काळा ठिपका दिसला. गाभण आहे म्हणाल्या. मी घराकडे पळत सुटलो, तुझ्या वहिनीला सांगायला. स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तेव्हा लक्षात आलं. मग तिथेच बसून हे लिहायला घेतलं. सांगायचं तर होतंच कुणालातरी.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा