रावेतचा फ्लॅट आणि त्याचं भाडं

१ एप्रिल २०२५, सकाळी ७
रावेतचा वन-बीएचके आजपासून भाड्याने गेला. भाडं सोळा हजार, बँकेचा हप्ता तेरा हजार दोनशे. दरमहा अठ्ठावीसशे, तेही घरबसल्या. पीएफ काढला, स्वरूपाचं गंठण मोडलं, पण त्याचं चीज झालं. स्वरूपाने विचारलं, मेंटेनन्स कोण भरणार? बायकोला इन्व्हेस्टमेंट कळत नाही. चाकणच्या कंपनीत आणखी पाच वर्षं. मग राजीनामा सुपरवायझरच्या तोंडावर.

४ एप्रिल
एजंट सोपानरावने भाडेकरूकडून दलाली घेतलीच होती, आज माझ्याकडूनही पंधरा दिवसांचं भाडं घेतलं. म्हणे, भाऊ, दोन्हीकडून घ्यायची पद्धतच आहे. शिसारी आली. वर कराराची नोंदणी. चार महिन्यांचा नफा गेला. पण हा खर्च एकदाच.

१० मे
सोसायटीचं बिल. मेंटेनन्स एकवीसशे. शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून वर दोनशे दहा. म्हणजे मी त्यांची लिफ्ट वापरत नाही, त्याचा दंड! सेक्रेटरी दादासाहेबांना जाब विचारला. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, तोरा तसाच. म्हणाले, "आमी काय करनार? नियमच हाय तसा."
उरले चारशे नव्वद. पण उरले.

८ जुलै, दुपारी ३
ऐन शिफ्टमध्ये भाडेकरू समाधानचा फोन. बाथरूम तुंबलंय. हाफ-डे टाकून धावलो. प्लंबरने पाइपातून केसांचा काळा, बुळबुळीत गोळा ओढून काढला. मांजराच्या पिल्लाएवढा. समाधान एकटा राहतो, त्यात त्याला टक्कल. केस कुणाचे, विचारलं. म्हणाला, "सर, फ्लॅट तुमचा, म्हणजे केसही तुमचेच."
प्लंबरचे अठराशे. रात्री भाजीतली कोथिंबीर काडी-काडी वेचून ताटाबाहेर काढली.

१९ सप्टेंबर
खालच्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंनी बोलावून घेतलं. छतातून पिवळं पाणी ठिबकतंय, खाली परात ठेवलेली. म्हणाल्या, "तुमच्या संडासाचं पाणी आहे हे. या परातीत मी कणीक मळायचे." नवी परात घेऊन दिली. वॉटरप्रूफिंग बत्तीस हजार. समाधानचं डिपॉझिट पडून होतं, तेच वापरलं. त्याला कुठे इतक्यात लागतंय.

२ नोव्हेंबर
समाधानने नोटीस दिली. कंपनीजवळ खोली मिळाली म्हणे. डिपॉझिट मागितलं. माणसांना धीर म्हणून उरलेला नाही. पतपेढीत कर्जाचा अर्ज केला. सोमवारपासून ओव्हरटाइमही लावून घेतलाय. तात्पुरता.

५ डिसेंबर
किल्ली घेतली. किचनची ट्रॉली ओढली तर झुरळांची वरात निघाली. ओट्यामागे तेलाचा थर इतका की बोट चिकटून राहिलं. दोन वेळा साबण लावला, वास जात नाही. पेंटरने चौदा हजार सांगितले. सोपानराव म्हणतो, नवा भाडेकरू आणतो, दलाली तीच.
स्वरूपा आता काहीच विचारत नाही. तिला पटलेलं दिसतंय.

२५ जानेवारी २०२६, रविवार
फ्लॅट दुसरा महिना रिकामा. बघायला येणारे बाथरूमच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून परत फिरतात. शेवटी मीच घासायला गेलो. जुनी हाफ पँट, तोंडाला फडकं, हातात ब्रश आणि अॅसिडची बाटली. दार उघडं होतं. समोर नव्याने राहायला आलेल्या बाई थांबल्या. म्हणाल्या, "दादा, आमचाही संडास करून द्याल का? किती घेता?"
मी मालक आहे, असं सांगायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं, चारशे.
त्यांनी तीनशेला पटवलं. केला. लख्ख केला. त्यांनी हात लांब ठेवून नोटा दिल्या.
घरी येऊन त्या स्वरूपासमोर ठेवल्या. सांगितलं, दहा महिन्यांत या फ्लॅटमुळे खिशात आलेली ही पहिली कमाई, हिच्यावर कुणाचा हक्क नाही. तिने नोटांकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. विचारलं, अॅसिडची बाटली कुणाची होती?
माझीच. नव्वद रुपये.