चौकातला कॅमेरा आणि माझा लढा

४ जून, सकाळी
चौकात पोलिसांनी खांबावर कॅमेरा लावला. तोंड थेट माझ्या गेटकडे. योगायोग वाटत नाही. मागच्या ग्रामसभेत कचऱ्याच्या गाडीवरून मी फार परखड बोललो होतो. वर नोंद झाली असणार.
संकल्प : नागरिकांच्या प्रायव्हसीसाठी लढा. नेतृत्व माझं.
हेमलता म्हणाली, "त्यो नाक्याकडं बघतुया. तुमाला कोण बघतंय?" बायको असून असं बोलते.

६ जून
वरच्या खोलीतल्या भाडेकरू, ॲडव्होकेट धम्मदीपा, यांना लढ्याची कल्पना दिली. त्यांच्याकडे आधीच एक केस आहे. कंपनीची कॅब चालवणाऱ्या प्रदीपला नाकाबंदीत अडवलं, पोलिसांनी कसलाही लेखी आदेश न दाखवता त्याचा मोबाईल उघडायला लावला, चॅटचे फोटो काढले. आता त्याची तक्रार करायची आहे. तेव्हा कॅबमध्ये असलेली त्याची बहीण वैशाली साक्षीदार. पोलिसांनी काय बघावं, किती दिवस ठेवावं, आणि त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवावं, असे धम्मदीपाचे प्रश्न. माझेही हेच होते, फक्त मांडायचे राहिले होते.
अशा तपासणीविरुद्ध गावकऱ्यांचं निवेदन त्या देणार आहेत, त्यावर माझी सही मागितली. योग्य वेळी देईन म्हणालो.

९ जून
सही नाही केली. नेत्याने पहिल्याच दिवशी उघडं पडू नये.

११ जून
पोलिसांवर लक्ष ठेवायला स्वतःचे चार कॅमेरे. कॅमेऱ्याच्या दुकानवाल्या कैलासने बसवून दिले. एक चौकाकडे, एक गेटवर, एक गच्चीत, एक जिन्यात. जिन्यातला भाडेकरूंच्या सुरक्षेसाठी.
धम्मदीपा म्हणाली, जिन्यातला काढा. मी म्हणालो, फुटेज फक्त माझ्या मोबाईलवर, गैरवापराचा प्रश्नच नाही. ती म्हणाली, "पोलीसही हेच म्हणतात, काका." थोडी हट्टी आहे.

१५ जून
बरंच कळायला लागलं. खालच्या खोलीतला आयटीवाला भाडेकरू खोली घेताना शाकाहारी होता. रविवारी बिर्याणी येते. प्रदीप आणि वैशाली वर येतात, तासभर बसतात, फाईल घेऊन जातात. याला पाळत म्हणत नाहीत. घरमालकाला माहिती हवी.

१९ जून, दुपारी
चौकीतून हवालदार आले. मला खात्री होतीच. मोबाईल तांदळाच्या डब्यात लपवला.
माणूस मात्र सभ्य निघाला. चौकातल्या कॅमेऱ्याला अजून कनेक्शनच नाही म्हणे. ऐकून जरा वाईट वाटलं. गाडी चोरीला गेली आहे, तुमचं फुटेज द्या म्हणाले. "एकनाथराव, तुमच्यासारखी मान्सं पायजेत." जिन्यातलंही मागितलं. गाडी जिन्यातून कशी जाईल, अशी शंका आली. लेखी मागावं असंही मनात आलं, पण हेमलताने तेवढ्यात चहा आणला आणि विषय राहिला. डब्यातून मोबाईल काढून सगळं फुटेज पाठवलं. पुन्हा पुन्हा त्रास नको म्हणून कॅमेऱ्याच्या ॲपचा पासवर्डही दिला.

२२ जून
धम्मदीपा खाली आली. काल प्रदीपला परत अडवलं. वकिलाकडे कुठल्या वारी जातो, बहीण किती वेळ थांबते, सगळं पोलिसांनीच त्याला सांगितलं. वैशाली घाबरली, साक्ष देत नाही म्हणते.
मी म्हणालो, फोन टॅप होत असणार, कोणावर विश्वास ठेवू नका. ती जिन्यातल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

२३ जून
हेमलताने सांगून टाकलं. "ह्यांनीच दिलं. पासवर्डबी दिला. म्या च्या ठिवत हुते, समोरच." घरातच फितुरी.
धम्मदीपा ओरडली नाही. खोली सोडते म्हणाली. आणि लेखी मागणी न करता फुटेज घेतलं हे तक्रारीत घालायचं आहे, तुम्ही सही कराल का, असं विचारलं. विचार करतो म्हणालो. हेमलता माझ्याकडे बघत होती.

२६ जून
सकाळी धम्मदीपाचं सामान टेम्पोत भरलं, सूस गावातल्या नव्या खोलीवर गेलं. मी आत विचार करत होतो.
बाहेर आलो तर हेमलता घरात नाही. कधी गेली बघायला ॲप उघडलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. कैलासला फोन केला. तो म्हणाला, कोणीतरी बदललाय, आता तुमाला दिसायचं न्हाई.
तेवढ्यात हवालदारांचा फोन. आवाज गोड. "एकनाथराव, वहिनी त्या वकीलबाईंच्या टेम्पोत बसून गेल्या. सही करायला का?"
मी म्हणालो, मला माहीत नाही.
खरंच माहीत नव्हतं.